कोबीवरचे पांढरे फुलपाखरू कोणते? बेळगाव-खानापूर भागातील ओळखीच्या कामाच्या नोंदी

२२ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली की बेळगावच्या उत्तरेकडे, कडोलीच्या बाजूच्या शिवारात, कोबीच्या वाफ्यांवर पांढरी फुलपाखरे मोठ्या संख्येने उडताना दिसतात, आणि नेमकी त्याच दिवसांत कोबीच्या पानांना भोके पडू लागतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर येत असल्यामुळे हे फुलपाखरू कोबीवर अंडी घालते आणि त्याची अळी पाने खाते, असे बहुतेक शेतकरी धरून चालतात. शेजारच्या शेतातील मामांनी तर सकाळी फुलपाखरे दिसली की पंप पाठीवर घ्यायचा, असा नेमच ठेवला आहे. हे फुलपाखरू कोणते आणि त्याची अळी कशावर वाढते, या दोन प्रश्नांची खात्रीशीर उत्तरे मिळेपर्यंत काम चालू ठेवायचे ठरवले आहे. नोंदी अशा ठेवायच्या आहेत की खानापूर, हुक्केरी किंवा पलीकडच्या चंदगड भागातील कोणालाही आपल्या शिवारात तेच काम करता यावे.

साहित्य थोडेच आहे. घरातला मोबाइल, एक जुना कॅमेरा, दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, वही आणि झाकणाच्या रुंद बरण्या. भिंगाला २५० रुपये पडले, बरण्या घरातल्याच आहेत.

२७ ऑगस्ट

उडत्या फुलपाखरांमागे कॅमेरा घेऊन धावण्याचा काहीही उपयोग होत नाही. आजच्या बहुतेक छायाचित्रांत हिरव्या पार्श्वभूमीवर एक पांढरा डाग एवढेच दिसते. जी फुलपाखरे क्षणभर बसली, त्यांचे पंखही इतके भगभगीत पांढरे आले आहेत की शिरा आणि ठिपके पुसून गेले आहेत. कॅमेरा आजूबाजूच्या गर्द हिरव्या पानांचा अंदाज घेऊन उजेड वाढवतो आणि पांढऱ्या पंखावरची खूण त्या उजेडात नाहीशी होते. यावर उपाय म्हणजे उजेडाची पातळी मुद्दाम एका टप्प्याने खाली आणणे. मोबाइलमध्ये फुलपाखरावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढली, तरी तेच साधते. चित्र एकूण काळपट येते, पण पंखावरची प्रत्येक शीर वाचता येते, आणि ओळखीसाठी तेवढे पुरते. फ्लॅश मात्र वापरू नये, कारण खवल्यांवरून उजेड परत येतो आणि खूण पुन्हा झाकली जाते.

३० ऑगस्ट

आपल्याकडे ‘पांढरे फुलपाखरू’ या एका नावाखाली कितीतरी जाती येतात. त्यामुळे यादी करून एकेक जात बाजूला काढणे हे पहिले काम ठरते.

सर्वांत आधी एमिग्रंट बाजूला निघतात. कॉमन एमिग्रंट आणि मॉटल्ड एमिग्रंट ही दोन्ही फुलपाखरे आकाराने मोठी असून ती सरळ आणि वेगाने जातात. त्यांच्या पंखांवर पिवळसर किंवा हिरवट झाक असते, आणि मॉटल्ड एमिग्रंटच्या पंखाखाली बारीक तपकिरी रेघोट्या असतात. कॉमन एमिग्रंटच्या अळ्या बहाव्यावर आणि पळसावर वाढतात, तर मॉटल्ड एमिग्रंटच्या अळ्या बांधावरच्या टाकळ्यासारख्या झुडपांवर वाढतात. कोबीच्या शेताकडेला टाकळा माजलेला असतो, म्हणून ही फुलपाखरे तेथे दिसतात.

सायकी हे सर्वांत नाजूक. ते जमिनीपासून वीतभर उंचीवरून संथपणे हिंदकळत जाते आणि त्याच्या पुढच्या पंखावर एकच ठळक काळा ठिपका असतो. एकदा पाहिले की ते पुन्हा चुकत नाही. जेझेबेल, म्हणजे आपले हळदीकुंकू, वरून पांढरे दिसते, पण पंख मिटले की खालच्या बाजूला गडद पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपक्यांची रांग दिसते. त्याच्या अळ्या आंब्यावर वगैरे वाढणाऱ्या बांडगुळावर पोसतात आणि ते बहुधा झाडांच्या शेंड्यांवरच असते.

एवढी वजाबाकी केल्यावर कोबीच्या वाफ्यांवर मोठ्या संख्येने उरणारी फुलपाखरे दोनच जातींची असण्याची शक्यता राहते, पायोनियर आणि कॉमन गल. दोन्ही मध्यम आकाराची, पांढरी आणि काळ्या शिरांची आहेत आणि दोन्हींच्या पंखांचे टोक काळे आहे. पुढचे सगळे काम या दोघांना वेगळे करण्याचेच आहे.

६ सप्टेंबर

मच्छरदाणीचे कापड आणि वेताची काठी घेऊन जाळे शिवून पाहिले. खर्च ९० रुपये आला. जाळ्यात फुलपाखरू येते, पण जाड कापडात ते धडपडते, पंखांवरचे खवले निघतात आणि ज्या खुणा पाहायच्या त्याच झिजतात. ही पद्धत सोडून दिली आहे. दुसरेही एक कारण आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या हद्दीत किंवा कोणत्याही संरक्षित जंगलात परवानगीशिवाय कीटक पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि शेतात लागलेली सवय जंगलातही सोबत जाते. पकडल्याशिवाय ओळखता येईल अशीच पद्धत या कामाला हवी.

आतापर्यंत जमलेल्या छायाचित्रांत बहुतेक ठिकाणी पंख उघडे आहेत, म्हणजे वरची बाजू दिसते. वरच्या बाजूवरून पायोनियर आणि गल यांचा निवाडा होतो, पण नवख्या डोळ्याला तो अवघड जातो. खालची बाजू दिसली तर काम पुष्कळ सोपे होते.

१४ सप्टेंबर

आज अडचण सुटली. ही फुलपाखरे रात्री कोठे बसतात हे आदल्या संध्याकाळी पाहून ठेवले होते. ऊन उतरू लागले की ती बांधावरच्या घाणेरीत आणि गवताच्या काड्यांवर उतरतात आणि पंख मिटून बसतात. सकाळी सूर्य झाडांच्या वर येण्याआधी तेथे पोहोचले, तर ती जागची हलत नाहीत, कारण अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असल्यामुळे पावसाळ्यातही सकाळी गारवा असतो, आणि निवांत पाहण्यासाठी हा वेळ पुरेसा मिळतो. कॅमेरा अगदी वितीवर नेता येतो.

भिंगाखाली पाहिलेले वर्णन येथे तपशिलाने लिहितो, कारण ओळखीचा सगळा भार याच तपशिलावर आहे. गवताच्या काडीवर बसलेल्या फुलपाखराचा मिटलेला मागचा पंख पांढऱ्यावर फिकट पिवळ्या रंगाचा होता आणि त्यावरची प्रत्येक शीर जाड, काळ्या, स्वच्छ रेषेने आखलेली होती. रेषांच्या कडा कोठेही पसरलेल्या नव्हत्या. पंखाच्या कडेच्या थोडे आत या उभ्या शिरांना जोडणारी एक आडवी काळी रेषा होती. फुलपाखराने पुढचा पंख किंचित वर सरकवला तेव्हा खरी खूण दिसली. पुढच्या पंखाच्या मधल्या, शिरांनी वेढलेल्या बंद कप्प्याच्या टोकाला एक आखूड, जाड, वाकलेला काळा पट्टा होता आणि तो पंखाच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचत होता. हा पट्टा पायोनियरचा आहे. तो वरूनही दिसतो आणि खालूनही दिसतो, त्यामुळे पंख उघडे असोत वा मिटलेले, त्याच्यावरून निर्णय देता येतो.

थोड्याच अंतरावर घाणेरीच्या पानाखाली दुसरे फुलपाखरू होते. त्याच्या मागच्या पंखाची खालची बाजू जास्त पिवळी होती आणि शिरा काळ्या नव्हत्या. त्या हिरवट-करड्या होत्या आणि त्यांचा रंग दोन्ही बाजूंना फुटलेला होता. पुढच्या पंखावर कप्प्याच्या टोकाचा पट्टा नव्हता, पण पंखाच्या बाहेरच्या भागात सुटे काळे ठिपके होते. हे कॉमन गल. दोघे जवळजवळ मिळाल्यामुळे फरक डोळ्यांत कायमचा बसला. नवीन माणसाला शिकवताना आधी पट्टा दाखवावा, शिरा नंतर, कारण शिरांचा गडदपणा ऋतूप्रमाणे बदलतो आणि पट्टा बदलत नाही.

जुनी छायाचित्रे पुन्हा तपासली. कोबीच्या वाफ्यांवरची बहुसंख्य फुलपाखरे पायोनियर निघाली, गल बरीच कमी आहेत. ती कोबीवर बसतात, पण कोबीसाठी येत नाहीत. वाफ्यांच्या मधल्या सरीत आणि बांधावर एकदांडी भरपूर फुलली आहे आणि सोंड त्या फुलांत असते. कोबीच्या पानावर बसतात ती ऊन घेण्यापुरती.

२१ सप्टेंबर

फुलपाखराचे नाव समजले, तरी कोबी कोण खाते हा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून आज भोके पडलेली कोबीची पाने उलटून पाहण्यास सुरुवात केली. लार्ज कॅबेज व्हाइट नावाचे फुलपाखरू खरोखरच कोबीच्या पानाखाली पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालते आणि त्याच्या अळ्या कोबीचा सांगाडा करून टाकतात. पण ते उत्तर भारतात, हिमालयात आणि त्याच्या पायथ्याच्या मैदानांत आढळते. त्याच्या जवळचे इंडियन कॅबेज व्हाइट हिमालयाखेरीज दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या उंच डोंगरांत असते. इंग्रजी पुस्तकांतील कोबीच्या फुलपाखराचे वर्णन वाचून आपल्या शिवारातील पांढऱ्या फुलपाखराला तेच समजणे, हा गैरसमज येथूनच येतो असे वाटते. कडोलीच्या शेतात पानामागून पान उलटूनही तसा पिवळा पुंजका मिळाला नाही.

मिळाल्या त्या दोन प्रकारच्या अळ्या. पहिली फिकट हिरवी, एक सेंटिमीटरच्या आतली, दोन्ही टोकांना निमुळती. पान हलवले की ती वळवळते आणि रेशमी तंतूला लटकून खाली उतरते. ती पानाचा खालचा भाग खरवडते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे आधी पानावर पारदर्शक चट्टे दिसतात आणि नंतर भोके पडतात. दुसरी अळी जाड, काळसर-करडी, बाजूंना पिवळसर रेषा असलेली. तिची अंडी पानाखाली एका जागी पुंजक्याने असून त्यावर तपकिरी केसांचे आवरण असते. या दुसऱ्या अळीला आपल्याकडे तंबाखूवरील पाने खाणारी अळी म्हणतात, आणि निपाणी भागातील तंबाखूच्या शेतकऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहे.

दोन्ही प्रकारच्या अळ्या कोबीच्या पानांसह बरण्यांत ठेवल्या आहेत. अळीचे पुढे काय होते ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शेतकऱ्यासमोर काहीही सांगण्यात अर्थ नाही.

१ ऑक्टोबर

लहान हिरव्या अळ्यांनी पानावरच जाळीदार, आतले दिसेल असे पातळ कोष विणले होते. त्यांतून आज फुलपाखरे निघाली नाहीत, पतंग निघाले. शरीर जेमतेम एक सेंटिमीटर, रंग करडा-तपकिरी, आणि पंख मिटून बसल्यावर पाठीवर फिकट चौकोनी नक्षीची रांग. हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. तो दिवसा पानाखाली दडून राहतो आणि संध्याकाळी उडतो, म्हणून तो कोणाच्या नजरेत येत नाही आणि दिवसा उडणाऱ्या फुलपाखरावर त्याचा आळ येतो.

बरणी मामांना नेऊन दाखवली. त्यांनी झाकण उघडून एक पतंग तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “हा तर रोज दिव्यावर येतोय की.”

५ ऑक्टोबर

आता दुसरी बाजू, म्हणजे पायोनियर अंडी कोठे घालते. यासाठी फुलांवर बसलेली फुलपाखरे सोडून द्यावीत आणि जी मादी फुलाकडे न जाता झुडपांच्या पानांना स्पर्श करत, थांबत, पुन्हा उठत हळूहळू उडते, तिच्या मागे राहावे. ती पायांनी पानाची चव घेऊन झाड ओळखते. आज अशी एक मादी कोबीचे वाफे ओलांडून बांधाच्या टोकाला असलेल्या काटेरी जाळीत शिरली. जाळी वाघाटीची होती.

वाघाटी आपल्या ओळखीची आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला उपवास सोडताना, हिच्याच फळांची भाजी करतात. हिचे आकडेवजा काटे कपड्यात अडकले की सुटत नाहीत, म्हणून बांध साफ करताना ती आधी तोडली जाते. पायोनियर आणि गल या दोघांच्याही अळ्या वाघाटीच्या कुळातील वनस्पतींवर वाढतात. कोबी-मोहरीचे कुळ या कुळाच्या जवळचे असून तिखट वासाची द्रव्ये दोन्हींत आहेत, तरी या मादीने कोबीकडे पाहिलेही नाही.

वाघाटीच्या तांबूस कोवळ्या शेंड्याजवळ पानावर अंड्यांचा पुंजका मिळाला. अंडी पिवळसर असून उभ्या ठेवलेल्या छोट्या बाटल्यांसारखी दिसतात, आणि भिंगातून त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत बारीक कंगोरे दिसतात. याच जाळीच्या दुसऱ्या फांदीवर एक एकटे अंडे होते. गल एकेक अंडे घालते, म्हणून ते वेगळ्या बरणीत ठेवले आहे.

१३ ऑक्टोबर

पुंजक्यातील अळ्या बाहेर आल्या आहेत आणि घोळक्याने एकाच पानावर खातात. बरणीत मात्र दोन अडचणी आल्या. तोडलेली वाघाटीची पाने एका दिवसात सुकतात आणि अळ्या सुकलेल्या पानाला तोंड लावत नाहीत. पाने ताजी राहावीत म्हणून तळाशी ओला कागद ठेवला, तर बंद झाकणाखाली बुरशी आली आणि काही अळ्या गेल्या. आता फांदीचा देठ पाणी भरलेल्या औषधाच्या लहान बाटलीत उभा करून बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद केले आहे. ते उघडे राहिल्यास अळ्या देठावरून उतरून पाण्यात पडतात. वरून झाकणाऐवजी मलमल बांधली आहे. मलमलीला १२० रुपये लागले, आणि वाघाटीच्या काट्यांनी ती पहिल्याच दिवशी फाटली. फांदी आत ठेवण्यापूर्वी कात्रीने काटे छाटून घ्यावेत. खाली वर्तमानपत्र अंथरून ते रोज बदलावे, विष्ठा साचू देऊ नये.

२२ ऑक्टोबर

वाढलेल्या काही अळ्या अचानक खाणे थांबवून निस्तेज झाल्या आणि त्यांच्या अंगातून बारीक अळ्या निघून त्यांनी बाजूलाच पिवळट रेशमी कोष विणले. हे परोपजीवी गांधीलमाशीचे कोष आहेत. गांधीलमाशीची ही अळी शेतातून अंडी अथवा लहान अळी आणतानाच सोबत आलेली असते, बरणीचा यात दोष नाही. ते कोष फेकून न देता वाघाटीच्या जाळीजवळ ठेवून आलो. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीवरही अशाच बारीक गांधीलमाश्या वाढतात आणि रोजच्या फवारणीत पहिला बळी त्यांचाच जातो.

उरलेल्या अळ्यांनी फांदीवर कोष केले आहेत. शेपटीकडचे टोक रेशमाने चिकटवलेले आणि कमरेभोवती एक तंतू, अशी या कुळाची ठेवण आहे.

३० ऑक्टोबर

पहाटे कोष पारदर्शक होऊन आतले पांढरे पंख आणि काळे टोक दिसू लागले होते. उन्हे आल्यावर फुलपाखरू बाहेर आले. पंख पूर्ण ताणले गेल्यावर पुढच्या पंखाच्या कप्प्याच्या टोकाचा वाकलेला पट्टा स्पष्ट होता. पायोनियर. एकट्या अंड्यापासून वाढलेल्या हिरव्या अळीचा कोष अजून उमललेला नाही. फुलपाखरू वाळले तेव्हा त्याच बांधावर सोडून दिले.

९ नोव्हेंबर

जांबोटीच्या रस्त्यावर ओढ्याच्या ओल्या वाळूवर पाणी पीत बसलेला पांढऱ्या फुलपाखरांचा घोळका मिळाला. अशा घोळक्यावरून एकच नाव देण्याचा मोह आवरावा. जवळून पाहता त्यात एमिग्रंट, गल आणि पायोनियर तिन्ही होते. जंगलपट्टीत यांत कॉमन अल्बट्रॉस हे आणखी एक पांढरे फुलपाखरूही मिसळते, तेव्हा शेतातली दोघांची यादी येथे पुरत नाही. घोळक्यातील प्रत्येक फुलपाखराचे पट्टा, शिरा आणि आकार पाहून वेगळे नाव लिहावे, संख्या अंदाजे लिहू नये. गलचा कोष दरम्यान उमलला असून पट्टा नसल्याची खात्री झाली आहे.

२४ नोव्हेंबर

मामांच्या ओसरीवर आसपासचे कोबी करणारे शेतकरी जमले होते. बरण्या, कोष आणि छायाचित्रे त्यांच्यासमोर ठेवली. व्याख्यान देण्यापेक्षा पतंगाचा जाळीदार कोष आणि फुलपाखराचा तंतूने बांधलेला कोष शेजारी ठेवणे जास्त उपयोगी पडले. सकाळी फुलपाखरे पाहून केलेली फवारणी वाया जाते, कारण तेव्हा खरी अळी पानाखाली असते आणि औषध वरून पडते. चौकोनी ठिपक्यांचा पतंग अनेक औषधांना दाद देत नाही, हेही अनेकांनी अनुभवातून सांगितले.

पुढच्या लागवडीसाठी बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची मोहरीची पद्धत करून पाहण्याचे ठरले. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, पहिली कोबी लावण्यापूर्वी १५ दिवस आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी पेरायची. पतंग कोबीपेक्षा मोहरीकडे जास्त ओढला जातो आणि फवारणी बऱ्याच अंशी मोहरीपुरती ठेवता येते. त्याचबरोबर बांधावरची वाघाटीची जाळी तोडायची नाही, असेही मामांनी स्वतःहून सांगितले. मला ही गोष्ट या कामातील सर्वांत मोलाची वाटते.

१६ फेब्रुवारी

कोरड्या दिवसांत ओळख पुन्हा तपासून पाहणे आवश्यक होते, कारण गलचे रूप या ऋतूत बरेच बदलते. आज पाहिलेल्या गलच्या पंखाखालच्या शिरा इतक्या फिकट होत्या की पावसाळ्यातील वर्णन हातात धरून ते ओळखता आले नसते. पायोनियरच्या शिराही थोड्या बारीक झाल्या आहेत, पण कप्प्याच्या टोकाचा पट्टा आहे तसाच आहे. फेब्रुवारीत शिरांवरून जात ठरवू नये, पट्टा दिसेपर्यंत थांबावे.

वाघाटी आता फुलावर आली आहे. आज उमललेली फुले पांढरी आणि कालची गुलाबी झालेली, अशी दोन्ही एकाच फांदीवर दिसतात, त्यामुळे लांबूनही जाळी सापडते. ज्यांना आपल्या गावात हे काम सुरू करायचे आहे त्यांनी याच महिन्यात फिरून वाघाटीच्या जागा वहीत टिपून ठेवाव्यात. पाऊस झाल्यावर फुले नसताना ही जाळी इतर काटेरी झुडपांत ओळखणे अवघड जाते, आणि अंडी शोधताना जून पाने सोडून फक्त तांबूस लव असलेले कोवळे शेंडेच पाहावे लागतात.